मावळातील वतनदार घर : इतिहास आणि आख्यायिका
(विशेष संदर्भ : कारी येथील जेधे घराणे)

प्रास्ताविक

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदकडे गेले असता पुढे मढे घाट लागतो. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे पार्थिव या घाटाने उमरठ्यास नेले व त्यावरून घाटास हे नाव पडले, असे परिसरात सांगितले जाते. या आख्यायिकेस आधार आहे तो स्थलनामाचा. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरात मात्र कथा आणि कालगणना या दोन्ही लेखी रूपात जतन झाल्या. या दोहोंचे वाचन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जेधे शकावली

शकावली म्हणजे शकवार केलेली घटनांची नोंद. तीत वर्णन नसते, तिथी व घटना एवढेच असते. कारीच्या जेध्यांकडून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. तोवर बखरींच्या आधारे शिवजन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली मानला जात असे. शकावलीने फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी दिली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'तूनही तिला दुजोरा मिळाला. एका देशमुखी घरातील त्रोटक नोंदीने बखरींतील तिथी बदलली, ही बाब लक्षणीय आहे.

जेधे करीना

करीना हा घराण्याच्या हक्कांचा व सेवेचा वृत्तान्त होय. त्यात भाऊबंदकीत पित्याचा वध झाल्यावर तान्ह्या कान्होजीस विश्वासू सेवकाने वाचवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोहोचविल्याची कथा येते. १६५९ मध्ये अफजलखानास सामील होण्याविषयीचे आदिलशाही फर्मान येताच कान्होजी पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले व त्यांनी वतनावर पाणी सोडले, हा प्रसंगही त्यातलाच. १६ जून १६५९ चे ते फर्मान उपलब्ध असल्याने प्रसंगाची पार्श्वभूमी निश्चित होते. संवादांचे तसे नाही. वतनाचा हक्क आणि घराण्याची निष्ठा सिद्ध करणे हा करीन्याचा हेतू असल्याने ते शब्दशः घेता येत नाहीत. तरीही वतन गमावणे म्हणजे काय, हे मावळच्या देशमुखास कसे वाटत होते, ते शकावली सांगत नाही, करीनाच सांगतो.

तौलनिक दृष्टी

आइसलंडमध्येही जुन्या शेतवाड्यांभोवती वसाहतीच्या वंशकथा आणि वर्षवार नोंदी अशा दोन परंपरा आढळतात. तेथील अभ्यासक कथांना सरसकट इतिहास मानत नाहीत आणि त्या टाकूनही देत नाहीत. उत्खनन व नोंदी यांच्याशी त्या ताडून पाहतात. मावळासही हीच पद्धत उपयुक्त ठरावी.

समारोप

आख्यायिका खरी की खोटी, एवढाच प्रश्न विचारल्यास हाती फारसे लागत नाही. ती कोणी, कोणत्या हेतूने जपली आणि तिच्यातील कोणता अंश स्वतंत्र साधनांनी तपासता येतो, हे विचारणे अधिक फलदायी आहे. जुने वाडे पडतात, दप्तरांस वाळवी लागते आणि कथा सांगणारी पिढी सरत जाते. पासलीपासून कारीपर्यंतच्या गावांतील विद्यार्थी आपल्याच वर्गांत बसलेले असतात. घरची कागदपत्रे, शेतांची नावे व वडीलधाऱ्यांच्या कथा यांची नोंद करण्याचे प्रकल्पकार्य त्यांच्याकडे सोपविल्यास हे साधन काही अंशी तरी वाचू शकेल.