गुरुवार, गृहभेटीचा

सकाळी ७.
बालगृहाच्या अधीक्षक बाईंचा फोन. चौदा वर्षांची एक मुलगी आज प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता सांभाळणाऱ्या घरी, जायची आहे. रात्रभर झोपलेली नाही. "तिला सांगा, जायचं की नाही हे बालकल्याण समितीसमोर तीच बोलणार आहे," मी म्हणते. आपल्याविषयी सगळं परस्पर ठरतं आणि आपल्याला शेवटी कळतं, हेच या मुलांना सर्वांत जास्त लागतं.

९.४५.
आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात तिची फाईल पुन्हा वाचते. गृहचौकशी अहवाल, पोलीस पडताळणी, वैयक्तिक काळजी आराखडा. एका पानावर कुणीतरी 'हट्टी' असा शेरा मारलाय. असे शेरे मुलांचा वर्षानुवर्षं पाठलाग करतात. घडलं ते एवढंच: आई मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा ही दोन दिवस जेवली नव्हती. मी तसंच लिहिते.

११.
बालकल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य. इथे उंच मंच किंवा साक्षीदाराचा पिंजरा नसतो. नियमच तसा आहे. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसलेली. तिचे प्रतिपालक होणारे काका-काकू बाहेर थांबलेत. नाव, शाळा विचारून झाल्यावर सदस्य बाई म्हणतात, "आता तू विचार."
"आईला भेटता येईल?"
बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार, मुलाच्या हिताला बाधा येईल असं समितीला वाटत नसेल तर आईवडील मुलाला भेटू शकतात. बाई तिला समजेल अशा शब्दांत हे सांगतात आणि आदेशात भेटीचा उल्लेख करायला लावतात.
"आणि काकूंना आई म्हणावं लागेल?"
"मुळीच नाही."
ती पहिल्यांदा पाठ टेकून बसते.

१.१५.
डबा उघडते तोच एका गृहस्थांचा फोन. मुलाच्या वाढदिवसाला बालगृहात केक वाटायचाय, मुलांसोबत फोटो हवेत. ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ ने मनाई आहे, हे सांगते. कायदा नसता तरी नकोच म्हटलं असतं. केकसाठी रांगेत उभं राहून हसायचं, आणि तो फोटो उद्या वर्गातल्या मुलांनी मोबाईलवर बघायचा, हे कुठल्या मुलाला आवडेल?

३.
गृहभेट. प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे. सोळा वर्षांचा हा मुलगा वर्षभर इथे आहे. मी कपाट, अंथरूण, वह्या बघते. पण त्याहून जास्त बघते ते तो घरात वावरतो कसा. फ्रीज विचारून उघडतो की सरळ? आज त्यानं सरळ उघडून मला पाणी दिलं. मांडणीतल्या एका ताटावर त्याचं नाव कोरलेलं. काकूंनी गावातल्या भांडीवाल्याकडून घालून घेतलंय, घरातल्या इतरांच्या ताटांवर आहे तसंच.
मग अंगणात आम्ही दोघंच. हे बोलणं एकट्याशीच व्हायला हवं.
"ताई, अठरा झाल्यावर निघावं लागेल?"
आयटीआयत शिकून डिझेल मेकॅनिक व्हायचंय त्याला. अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे, ती कशी मिळते ते सांगते. अर्ज आत्तापासून तयार ठेवायचा ठरवतो. काका मागून म्हणतात, "कागदाचं तुम्ही बघा. खोली त्याचीच आहे."

६.
एसटीत अहवाल लिहून काढते.

८.४५.
सकाळच्या मुलीच्या नव्या काकूंचा फोन: "जेवत नाहीये हो." मी सांगते, आग्रह करू नका, रागावू नका, ताट झाकून तिच्या हाताशी ठेवा आणि तुम्ही जागे आहात एवढं कळू द्या.

अशी घरं फार कमी आहेत, आणि मोठ्या मुलांसाठी तर फारच कमी. सहा वर्षांवरची मुलं प्रतिपालकत्वात देता येतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयोगटातल्या एकट्या व्यक्तीही अर्ज करू शकतात. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगे दिले जातात. मुलाच्या खर्चासाठी मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,००० रुपये मिळतात. तुमच्या घरी जागा आणि मनाची तयारी असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात येऊन चौकशी करा.