ल्यूट आणि तंबोरा : एका कुळाच्या दोन वाटा

श्रावणात चिखलदऱ्याला तंबोरा लावायला बसलं की धुकं आडवं येतं. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर. ढग खिडकीतून थेट खोलीत शिरतात. खुंटी फुगून अडते आणि नीट लागलेला षड्ज दहा मिनिटांत ढळतो. परतवाड्याहून घाट चढून आणलेला माझा मिरजेचा तंबोरा पावसाळाभर एकच गोष्ट शिकवतो : सूर एकदा लावून संपत नाही, तो रोज लावावा लागतो.

पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले ल्यूटवादकही हेच सोसत होते. त्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. हवा ओली झाली की त्यांचा सूर लगेच ढळे. तरीही पंधराव्या-सोळाव्या शतकात, म्हणजे युरोपच्या प्रबोधनकाळात, ल्यूटइतका मान क्वचितच दुसऱ्या वाद्याला मिळाला.

नर्तनशाळा आणि दरबार

चिखलदऱ्याचं नाव कीचकदऱ्यावरून आलं, असं इथे सांगतात. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. जवळचं वैराट ती विराटाची नगरी. महाभारतात हा वध घडतो नर्तनशाळेत. तिथेच दिवसा बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन राजकन्या उत्तरेला गाणं, वाजवणं आणि नाच शिकवत असे.

राजघराण्यात संगीत यायलाच हवं, ही अपेक्षा प्रबोधनकाळातल्या युरोपातही होती. इटलीतल्या बाल्दासारे कास्तिल्योनेचा दरबारी माणसाच्या आदर्शावरचा ग्रंथ १५२८ साली छापून निघाला, त्यात संगीताचं शिक्षण आवश्यक मानलं आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ ल्यूट वाजवते आहे, असं निकोलस हिलियार्डने काढलेलं इवलंसं चित्र आजही पाहायला मिळतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरही हे वाद्य वाजवत असे.

लाकडाचं नाव, बोटांची करामत

ल्यूट मूळचं युरोपचं नव्हे. अरबी ‘अल-ऊद’ म्हणजे लाकूड. आठव्या शतकात अरब सत्ता स्पेनमध्ये पोचली आणि तिच्यामागून ऊदही गेला. नवव्या शतकात बगदादहून कॉर्डोव्हाला आलेल्या झिर्याब या गवयाने त्याला पाचवी तार जोडली, असं परंपरा सांगते. पुढे ‘अल-ऊद’चा ‘ल्यूट’ झाला.

वाद्याचा आकार उभ्या चिरलेल्या नासपतीसारखा. पाठ मेपल किंवा यू लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेली. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. वरच्या फळीच्या मध्यावर जाळीदार फूल असतं. ते वेगळं बसवत नाहीत, त्याच फळीत कोरतात. खुंट्यांचा भाग मागे जवळजवळ काटकोनात मोडलेला. दांडीवरचे पडदे म्हणजे आतड्याचे बांधलेले दोरे. सतारीच्या पडद्यांसारखे तेही सरकवता येतात. बव्हेरियातल्या फ्युसेन गावी १५६२ मध्ये ल्यूट बनवणाऱ्या कारागिरांचा संघ स्थापन झाला.

याच काळात इकडे चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचं रूप पालटत होतं. अहमदशाह बहामनीने १४२५ मध्ये बांधलेला हा किल्ला फतहुल्ला इमादुल्मुल्कने १४८८ च्या सुमारास डागडुजी करून भक्कम केला. दोनच वर्षांत वऱ्हाडची इमादशाही स्वतंत्र झाली. गडाच्या दरवाजावरचा गंडभेरुंड तिची आठवण देतो. त्याच पिढीतल्या युरोपी वादकांनी पिसाची नखी टाकून दिली आणि बोटांनी तारा छेडायला सुरुवात केली. नखीने एका वेळी एकच चाल वाजे; बोटांनी एकाच वाद्यावर दोन-तीन स्वररेषा शेजारी शेजारी चालवता येऊ लागल्या. चार गळ्यांचं गाणं आता एकटा माणूस मांडीवर घेऊन बसू शकत होता.

मग हे संगीत कागदावर उतरलं. व्हेनिसच्या ओत्ताव्यानो पेत्रुच्चीने १५०७ मध्ये फ्रांचेस्को स्पिनाचिनोच्या ल्यूटरचना छापल्या. त्यासाठी वापरलेली लिपी, टॅब्लेचर, स्वराचं नाव सांगत नाही. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्याशी बोट ठेवायचं ते सांगते. सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जागा, त्यांवर आकडे किंवा अक्षरं. फ्रांचेस्को दा मिलानोला लोक ‘दिव्य’ म्हणत, ते का, हे या लिपीमुळे आजचा वादक स्वतःच्या बोटांनी पडताळू शकतो.

ल्यूटने विज्ञानालाही हात दिला. विंचेंझो गॅलिली हा ल्यूटवादक तारांना वजनं टांगून प्रयोग करत असे. स्वर एक सप्तक चढवायचा तर ताण चौपट लागतो, हे त्याला दिसलं. त्याचा मुलगा गॅलिलिओ. तोही ल्यूट वाजवी, आणि प्रयोग करून पाहण्याची सवय त्याला वडिलांकडून लागली, असं अनेक अभ्यासक मानतात.

विजापूरचा मोतीखान

लांब दांडीचा तंबूर हा या कुळातला आपल्याकडचा भाऊबंद. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, राज्यकाळ १५८० ते १६२७, स्वतः गायक-वादक होता. आपल्या तंबुराला त्याने नाव दिलं होतं मोतीखान. दखनीत त्याने ‘किताब-ए-नवरस’ रचला. त्यात पदं रागांनुसार मांडलेली आहेत. फर्रुखबेगने काढलेलं त्याचं वाद्य वाजवतानाचं चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे.

याच वर्षांत तिकडे जॉन डाऊलंड होता, जन्म १५६३, मृत्यू १६२६. त्याचं गीतांचं पहिलं पुस्तक १५९७ मध्ये निघालं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना एकाच पुस्तकातून गाता यावं, म्हणून पानावर वेगवेगळ्या गळ्यांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापल्या होत्या. १५९८ पासून तो डेन्मार्कच्या राजाच्या पदरी होता.

डाऊलंड आणि इब्राहिम एका वर्षाच्या अंतराने गेले. डाऊलंडची रचना आज कोणीही पान उघडून वाजवू शकतो. इब्राहिमची पदं आहेत, रागांची नावं आहेत. मोतीखान कसा बोलत होता, ते मात्र त्याच्याबरोबर गेलं.

कागद आणि हात

पुढे ल्यूटवर भार वाढत गेला. खर्जाच्या तारा जोडत जोडत सहा जागांच्या तेरा झाल्या. सूर जुळवण्यातच वेळ जाई, आणि मोठ्या दालनांत हार्पसिकॉर्ड-व्हायोलिनपुढे त्याचा नाजूक आवाज पोचेना. थोर वादक सिल्व्हियस वाइस १७५० मध्ये गेला; शतक संपेपर्यंत ल्यूट वापरातून जवळजवळ गेलं. ते परत आलं ते अर्नोल्ड डोल्मेचसारख्यांमुळे. त्याने १८९३ मध्ये पहिलं ल्यूट बनवलं. संग्रहालयांतली जुनी वाद्यं आणि छापलेली टॅब्लेचर, दोन्ही हाताशी होती.

तंबोऱ्याने उलट वाट धरली. तो चाल वाजवत नाही, पडदे बाळगत नाही. चार तारांवर गवयाला सूर देत राहतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. शिकलगार मूळचे हत्यारांचे कारागीर. संस्थानी हत्यारांची मागणी ओसरली तसे ते लाकडाकडे आणि तारेकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठाहून, म्हणजे एके काळच्या आदिलशाही मुलखातूनच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याचा प्राण मात्र जवारीत. घोडीचा माथा अगदी अल्प उतार देऊन घासायचा, इतका की तार त्याला चाटत जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत जागा शोधायची. ती जागा सापडली की पंचम-षड्जाच्या तारांतून न लावलेला गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हा उतार मापाने सांगता येत नाही. कारागीर कानाने ऐकत हाताने कानस फिरवतो. जवळजवळ शंभर वर्षं निजलेलं ल्यूट कागदाने उठवलं. जवारीची विद्या तशी खंडली, तर कोणतंही टॅब्लेचर ती परत आणणार नाही. म्हणून मिरजेत आज जवारी काढणाऱ्या प्रत्येक हाताशेजारी शिकणारा दुसरा हात बसलेला हवा, आणि त्याला पोटापुरतं काम द्यायला आपण गाणं शिकणारे, ऐकणारे लोक हवेत.