इमारतींतील विद्युत संचमांडणीचे निरीक्षण व चाचणी : सुरक्षिततेची शास्त्रीय कसोटी

सारांश : दिवा लागतो, पंखा फिरतो, पंप पाणी चढवतो, यावरून इमारतीतील विद्युत संचमांडणी चालू असल्याचे कळते. ती सुरक्षित आहे किंवा नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. संरक्षक व्यवस्था प्रत्यक्ष दोष निर्माण होईपर्यंत मूक असते आणि तिच्यातील उणीव केवळ पद्धतशीर निरीक्षणाने व मोजमापानेच उघड होते. प्रस्तुत लेखात या निरीक्षण-चाचणीची पद्धत, तिच्यामागील तत्त्वे व महाराष्ट्रातील व्यवहार यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : विद्युत संचमांडणी, अर्थिंग, इन्सुलेशन रोध, आरसीसीबी, विद्युत निरीक्षक.

१. प्रस्तावना

भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्ण दगावले. या घटनांमुळे सार्वजनिक इमारतींच्या अग्निसुरक्षेचा व विद्युत लेखापरीक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा मोठ्या दुर्घटनांची बातमी होते. घरातील गिझर, कूलर किंवा पाण्याच्या पंपाचा धक्का लागून होणारे मृत्यू मात्र एकेकटे घडतात आणि विस्मरणात जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या अनेक वर्षे १० हजारांहून अधिक राहिली आहे. या संख्येत शेतातील व रस्त्यावरील अपघातही समाविष्ट आहेत. तथापि इमारतींच्या आत घडणारे अपघात टाळण्याचा मार्ग तुलनेने सोपा व कमी खर्चाचा आहे.

फेज व न्यूट्रल या दोन तारा शाबूत असल्या की प्रत्येक उपकरण चालते. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार तुटली, गंजली किंवा मुळात जोडलीच नाही, तरी वापरणाऱ्यास काहीही जाणवत नाही. ज्या दिवशी उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरते, त्या दिवशी प्रथमच या तारेची गरज भासते. आणि ती नसल्याचा शोध मनुष्याच्या देहाला लागतो. निरीक्षण व चाचणी यांचा हेतू हा शोध आधीच आणि उपकरणाच्या साहाय्याने लावणे हा होय.

२. निरीक्षण : डोळ्यांनी होणारे परीक्षण

मोजमापाच्या उपकरणाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण संचमांडणी डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते. मीटरपासून मेन स्विच, तेथून वितरण पेटी आणि पुढे प्रत्येक स्विचबोर्ड असा क्रम ठेवल्यास काही सुटत नाही. काळवंडलेले सॉकेट, वितळलेले आवरण, जळकट वास, ओल आलेल्या भिंतीतील बोर्ड, टेपने गुंडाळलेले उघडे सांधे आणि फ्यूजमध्ये घातलेली जाड तांब्याची तार हे दोष कोणत्याही मीटरवाचून दिसतात.

यापेक्षा सूक्ष्म दोष म्हणजे तार व एमसीबी यांची विजोड सांगड. नळीतून नेलेली १.५ चौ. मिमी. तांब्याची तार साधारणपणे १५ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते. वातानुकूलन यंत्र बसवल्यावर एमसीबी वारंवार पडू लागला, की त्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला जातो. त्यानंतर एमसीबी पडत नाही. परंतु भिंतीतील तार तापत राहते. तक्रार दूर होते आणि धोका भिंतीत शिरतो.

सैल सांधा हाही असाच लपलेला शत्रू होय. एखाद्या सांध्याचा रोध केवळ ०.५ ओहम असेल आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या एका बिंदूपाशी २०० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेत असल्यामुळे २० अँपिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणून वितरण पेटीतील प्रत्येक स्क्रू तपासणे आणि शक्य तेथे भार चालू असताना उष्णताचित्रक कॅमेऱ्याने पाहणी करणे हा निरीक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

३. वीज बंद ठेवून करावयाच्या चाचण्या

चाचण्यांचा क्रम स्वैर नसतो. अर्थिंगची तार अखंड आहे, हे सिद्ध होण्यापूर्वी वीज सुरू ठेवून चाचणी केल्यास चाचणीच्या काळात धातूच्या भागांवर धोकादायक दाब येऊ शकतो. म्हणून वीज तोडून, मेन स्विचला कुलूप लावून आणि तारांत दाब नसल्याची खात्री करून पुढील तीन चाचण्या आधी केल्या जातात.

अखंडतेची चाचणी : मुख्य अर्थिंग पट्टीपासून शेवटच्या सॉकेटच्या अर्थ-छिद्रापर्यंतचा रोध मोजला जातो. २.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. म्हणजे २० मीटर लांबीला तो ०.१५ ओहमच्या आसपास यावयास हवा. मीटरने २ ओहम दाखवल्यास कोठेतरी सैल वा गंजलेला सांधा आहे, असे समजावे. नुसत्या ‘बीप’ आवाजावर समाधान मानणाऱ्या तपासणीत हा फरक कळत नाही.

इन्सुलेशन रोधाची चाचणी : या चाचणीच्या उपकरणास व्यवहारात ‘मेगर’ म्हणतात. २३० व्होल्टच्या संचमांडणीवर ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन तारा व अर्थ यांच्यामधील रोध मोजला जातो. तो किमान १ मेगाओहम असावा. उपकरणे व इलेक्ट्रॉनिक साधने आधी सोडवून ठेवावी लागतात, अन्यथा ती बिघडतात किंवा वाचन चुकते. नव्या तारांचे वाचन या मर्यादेच्या कितीतरी पट अधिक येते. त्यामुळे १ मेगाओहमपेक्षा थोडेच अधिक आलेले वाचन ‘उत्तीर्ण’ असले तरी जुन्या वाचनाशी ताडून पाहावे. पाच वर्षांत २०० मेगाओहमवरून ३ मेगाओहमवर आलेली मांडणी मर्यादेत असली तरी तिची वाटचाल स्पष्ट असते.

ध्रुवतेची चाचणी : स्विच फेजच्या तारेतच असला पाहिजे. तो न्यूट्रलमध्ये बसला असल्यास स्विच बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज कायम असते. बल्ब बदलणाऱ्यास धक्का बसण्याचे हे एक नेहमीचे कारण होय.

४. अर्थिंगचे गणित आणि आरसीसीबी

अर्थिंगविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. अंगणात खड्डा करून, कोळसा व मीठ घालून पट्टी किंवा नळी पुरली की घर सुरक्षित झाले, असे मानले जाते. साधे गणित याच्या विरुद्ध जाते. पुरलेल्या नळीचा रोध २० ओहम आणि रोहित्राकडील अर्थिंग धरून उर्वरित मार्गाचा रोध ३ ओहम आहे, असे मानू. गिझरच्या आवरणाला फेजचा स्पर्श झाल्यास २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी या प्रवाहाला पडणार नाही. दरम्यान, गिझरच्या आवरणावर १० गुणिले २०, म्हणजे २०० व्होल्टचा दाब कायम राहील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही नवे आहेत. तरी स्नानगृहातील व्यक्ती असुरक्षितच आहे.

याउलट, परतीचा मार्ग धातूच्या तारेचा असेल व संपूर्ण वळशाचा रोध १ ओहम असेल, तर २३० अँपिअर प्रवाह वाहतो आणि ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअर एमसीबी तत्क्षणी पडतो; कारण अशा एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी जास्तीत जास्त दहापट, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह पुरतो. या संपूर्ण वळशाचा रोध मोजणे, ही वीज सुरू असताना करावयाची पहिली महत्त्वाची चाचणी होय. या उदाहरणात तो सुमारे १.४ ओहमपेक्षा कमी असणे आवश्यक ठरते.

जेथे एवढा कमी रोध मिळू शकत नाही, तेथे आरसीसीबीला पर्याय नाही. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक हे साधन सतत ताडून पाहते आणि तो ३० मिलिअँपिअर होण्यापूर्वी किंवा होताच वीज तोडते. वरील उदाहरणातील १० अँपिअरची गळती त्याच्या दृष्टीने प्रचंड असते. मानवी देहाचा रोध स्थूलमानाने १००० ओहम धरल्यास २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडवण्यास तो पुरेसा असतो. म्हणून येथे वेळेला महत्त्व आहे. ३० मिलिअँपिअरच्या साधारण आरसीसीबीने त्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत व पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडली पाहिजे. ही वेळ केवळ चाचणी-उपकरणानेच मोजता येते.

आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण दाबून तो पडला, की सर्व ठीक आहे असे समजणे अपुरे आहे. ते बटण साधनाच्या आतच कृत्रिम फरक निर्माण करते. त्यामुळे घरात अर्थिंगची तार नसली तरी आरसीसीबी पडतो. बटण साधनाची यांत्रिक क्रिया तपासते, संचमांडणी तपासत नाही. त्याचप्रमाणे, दोन परिपथांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असल्यास आरसीसीबी विनाकारण पडतो आणि कंटाळून तो वगळला जातो. अशा वेळी साधनाला दोष न देता न्यूट्रलची जोडणी शोधणे हेच योग्य होय.

५. ऋतुमानाचा प्रभाव

महाराष्ट्राच्या हवामानात एकाच दिवशीचे वाचन पुरेसे ठरत नाही. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि इन्सुलेशनचा रोध घसरतो. दख्खनच्या पठारावरील कातळात मुळातच अर्थिंगचा रोध अधिक असतो. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडून ओलावा उडतो, तेव्हा तो आणखी वाढतो. म्हणजे इन्सुलेशनची कसोटी श्रावणात आणि अर्थिंगची कसोटी वैशाखात लागते. ऑगस्टमध्ये अर्थिंग मोजून समाधान मानणाऱ्या अहवालास अर्धेच मूल्य आहे. म्हणून प्रत्येक वाचनासोबत तारखेची नोंद अपरिहार्य ठरते.

६. कायदेशीर चौकट व व्यवहार

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४६व्या नियमाने जोडलेल्या संचमांडणीचे निरीक्षण व चाचणी ५ वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या कालांतराने करण्याची तरतूद केली होती. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ नुसार सुरक्षेचे उपाय विहित करण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आले. त्याचे विनियम २०१० साली व त्यांच्या जागी नवे विनियम २०२३ साली आले. कलम १६२ अन्वये विद्युत निरीक्षकांची नियुक्ती होते. तारजोडणीसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके मार्गदर्शक आहेत.

तरतुदींचा अभाव ही येथील अडचण नाही. नवीन जोडणी घेताना अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल सादर होतो. त्यानंतर सामान्य घराची किंवा लहान शाळेची संचमांडणी दशकानुदशके कोणी मोजत नाही. दरम्यान खोल्या वाढतात, वातानुकूलन यंत्रे येतात, तारा मात्र त्याच राहतात. तपासणी झालीच, तर अहवालात ‘अर्थिंग ठीक’, ‘वायरिंग समाधानकारक’ असे शेरे आढळतात. असा शेरा पुढील तपासनिसास काहीच सांगत नाही.

इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या खासगी घरांसाठी किमान ५ वर्षांतून एकदा तपासणी बंधनकारक आहे. तेथील अहवालात प्रत्येक दोषास विद्यमान धोका, संभाव्य धोका व सुधारणा इष्ट अशा श्रेणी दिल्या जातात. यामुळे मालकास कोणते काम आज करावयाचे व कोणते पुढे ढकलता येईल, हे समजते. गृहनिर्माण संस्था, महाविद्यालये व रुग्णालये यांना कायद्याची वाट न पाहता ही पद्धत स्वीकारता येण्यासारखी आहे. प्रत्येक परिपथासाठी तारेचा आकार, एमसीबीची क्षमता, अखंडतेचा रोध, इन्सुलेशन रोध, वळशाचा रोध, आरसीसीबीची वेळ, तारीख व तपासनिसाची स्वाक्षरी एवढे रकाने असलेला एक तक्ता त्यासाठी पुरेसा आहे.

७. निष्कर्ष

विद्युत सुरक्षितता ही साधने खरेदी करून मिळत नाही. ती मोजून सिद्ध करावी लागते. चांगली अर्थिंग, योग्य एमसीबी व आरसीसीबी हे तिन्ही असूनही त्यांची परस्पर सांगड जमलेली नसेल, तर संरक्षण कागदावरच राहते. ‘आजवर काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नसून, दोष अद्याप प्रकट झालेला नाही एवढेच त्यातून सूचित होते. सदर चाचण्यांस लागणारी उपकरणे व प्रशिक्षित तंत्रज्ञ राज्यात उपलब्ध आहेत. शेऱ्यांऐवजी आकडे मागण्याची सवय इमारतीच्या मालकांना व संस्थांच्या चालकांना लागली, तर दोषाचा शोध मनुष्यदेहाऐवजी मीटरला लागेल.