चाकरी कोणाची, इमान कोणाशी?

आखातातून घरचे कोणी येणार असले की आपल्याकडे 'कस्टम'चा विषय हमखास निघतो. सोने किती आणले, बॅग उघडायला लावली का, एवढ्यावर बोलणे संपते. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याची नोकरी कशी असते, हे वर्गात सांगताना आम्ही सर रॉबर्ट हार्ट यांचे उदाहरण घेतले.

हार्ट यांचा जन्म 1835 चा, आयर्लंडमधील पोर्टाडाउनचा. एकोणिसाव्या वर्षी ते ब्रिटिश वकिलातीत दुभाषी म्हणून शिकायला चीनला गेले आणि मेहनतीने चिनी भाषा शिकले. 1859 मध्ये ब्रिटिशांची नोकरी सोडून ते चीनच्या कस्टम खात्यात कँटन बंदरावर रुजू झाले. 1863 मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते त्या खात्याचे प्रमुख झाले.

खात्यात गोरे अधिकारी पुष्कळ होते. 1864 मध्ये हार्ट यांनी परिपत्रक काढून त्यांना बजावले, की हे खाते चीनचे आहे, परक्यांचे नाही. चिनी लोकांशी वागताना याचे भान ठेवा. 1885 मध्ये ब्रिटनने त्यांना चीनमधील आपला राजदूत नेमले. ते मोठे पद नाकारून हार्ट कस्टममध्येच राहिले. त्यांच्या खात्याने किनाऱ्यावर दीपगृहे उभारली. 1896 मध्ये चीनची टपालसेवाही त्यांच्याच हाताखाली सुरू झाली.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. याच खात्यात अफूवरचा करही जमा होई, आणि त्यातली बरीच अफू माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जात असे. बॉक्सर उठावानंतर 1901 मध्ये परकीय सत्तांनी चीनवर 45 कोटी टेल चांदीची भरपाई लादली आणि तिच्यासाठी कस्टमचे उत्पन्न तारण ठेवले गेले.

एका मुलीने विचारले, "मग ते चांगले की वाईट?"

आम्ही म्हटले, बेटी, हिशेब चोख ठेवणे ही पहिली पायरी. पैसा कशातून येतो आणि कोणाच्या घरात जातो, हे विचारणे ही दुसरी. हार्ट पहिली पायरी चढले. दुसरीवर त्यांचे पाऊल अडखळले.

आज आपली मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. त्यांतले कोणी उद्या कस्टममध्ये अधिकारी होईल. खुर्ची ही अमानत आहे, हे त्यांना घरातूनच कळावे. आणि ते कळायचे, तर विमानतळावर बॅगेतले सोने किती, हे आधी आपण खरे सांगावे. मुले शेजारीच उभी असतात.