रमजानचा तक्ता आणि सरकणारा आलेख

फंक्शनचा आलेख सरकवण्याचा धडा आला की अकरावीची मुले गोंधळतात. पालकांनो, मुलांसोबत रमजानचा तक्ता घेऊन बसा.

नाशिक मुंबईच्या पूर्वेला सुमारे १ अंश आहे. एवढ्या अंतराला सूर्याला ४ मिनिटे लागतात. मुंबईची मगरिबची वेळ फ(क्ष) धरली, तर नाशिकची साधारण फ(क्ष) − ४. आकार तोच, आलेख खाली आला. सहेरीही इथे आधी संपते. मुंबईच्या तक्त्यावर खात बसलो तर रोजाच धोक्यात! नाशिक थोडे उत्तरेलाही आहे, म्हणून मगरिबचा फरक जूनमध्ये सुमारे २ आणि डिसेंबरमध्ये सुमारे ६ मिनिटे होतो. म्हणजे आलेख किंचित ताणलाही जातो.

आता क्ष म्हणजे कितवा रोजा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो. ११ धरले, तर गेल्या वर्षीच्या पहिल्या रोज्याच्या तारखेला यंदा बारावा रोजा असतो. म्हणून यंदाची वेळ फ(क्ष − ११). वजाबाकी असूनही आलेख उजवीकडे जातो, कारण पहिल्याची वेळ बाराव्याला मिळाली.

कंसाबाहेरचा अंक वेळ सरकवतो, कंसातला दिवस. हे घरी कागदावर काढून पाहिले, तर नियम घोकावा लागत नाही.