परसातील हौद आणि पावसाळ्याचे पाणी
मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा मूलसारख्या गावात परसदारी पोहण्याचा हौद व शेजारी सावलीची पडवी असावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. मात्र हौदाची खरी परीक्षा उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात होते. हा धानाचा मुलूख आहे. बांध्या पाण्याने भरल्या की सखल भागातील भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते आणि अशा वेळी रिकामा असलेला हौद नावेप्रमाणे वर उचलला जाऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद व सव्वा मीटर खोल हौदात 40 हजार लिटर पाणी मावते. 15 सेंटीमीटर जाडीच्या त्याच्या काँक्रीटचे वजन साधारण 25 टन. भूजल तळापासून मीटरभर चढले, तर खालून येणारा दाब 32 टनांहून अधिक असतो. मग तळ तडकतो, नळजोडण्या तुटतात. म्हणून पावसाळ्यात हौद भरलेलाच ठेवावा. पाण्यात क्लोरीन मात्र हवे, अन्यथा डासांची पैदास ठरलेली. दुरुस्तीसाठी हौद रिकामा करावाच लागला, तर तळाखालचा गिट्टीचा थर आणि भूजल उपसण्यासाठी शेजारी खोदलेला खड्डा उपयोगी पडतो.

पडवी पश्चिमेला घ्यावी. दुपारनंतर तिची सावली पाण्यावर पडते व बाष्पीभवन घटते. तिचे खांब हौदाच्या भिंतीवर उभारू नयेत. भारी काळ्या मातीत दोन्ही बांधकामे वेगवेगळी हलतात. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या या तालुक्यात उघडे पाणी म्हणजे आमंत्रणच, तेव्हा भक्कम कुंपण आधी, फरशी नंतर. घरातील लहान मुलांसाठीही ते तितकेच आवश्यक आहे.