पाचशे डॉलरची गोष्ट

अमेरिकेतल्या वणव्यांवर लेख हवा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विमाने होती. लाल रसायन फवारत डोंगरांवरून जाणारी विमाने, जळून गेलेल्या वस्त्या, धुराने नारिंगी झालेले आकाश. मी वाचायला बसलो आणि एका फार लहान गोष्टीपाशी थांबलो. वणवा विझवणाऱ्या जवानांनी आपला अनुभव आपल्याच आवाजात, आपल्याच फोनमधल्या फोटोंसह सांगावा म्हणून तिथे छोटी अनुदाने दिली जातात. वणव्यांवर दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च करणाऱ्या देशात ही रक्कम कुणाच्या खिजगणतीतही नसेल. पण वाचत गेलो तसे माझे मत पक्के झाले की वणव्यावर खर्च होणाऱ्या पैशांपैकी इतका नेमक्या जागी पडणारा पैसा क्वचितच असेल.

ही अनुदाने देणाऱ्या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बेथनी हॅना स्वतः वणवे विझवण्याच्या कामात होत्या. गेल्या दशकात त्यांनी ‘द स्मोकी जनरेशन’ नावाचा मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला. जुन्या-नव्या जवानांना कॅमेऱ्यासमोर बसवायचे, प्रश्न विचारायचे आणि त्यांना बोलू द्यायचे, एवढेच त्याचे स्वरूप. पुढे या कामाला ‘अमेरिकन वाइल्डफायर एक्स्पीरिअन्स’ या ना-नफा संस्थेचा आधार मिळाला आणि गोष्ट सांगण्याची साधने थेट जवानांच्या हाती जावीत म्हणून अनुदानेही सुरू झाली.

ज्यांच्यासाठी हे चालले आहे, त्यांचे काम आधी समजून घेतले पाहिजे. शहरातला बंब आणि पाण्याचा पाइप डोक्यातून काढून टाका. डोंगरात पाणी नसते. साधारण वीस जणांचे ‘हॉटशॉट’ पथक आगीच्या कडेने चालत जाते, झुडपे तोडते, मुळे उपटते, पालापाचोळा खरवडते आणि खालची उघडी माती दिसेपर्यंत जमीन साफ करत पुढे सरकते. आपल्याकडे वनखाते उन्हाळ्याआधी जी जाळरेषा काढते, तीच हे लोक समोर पेटलेल्या आगीच्या धगीत काढतात. सोळा-सोळा तासांची पाळी, सलग चौदा दिवस, आणि झोप बहुतेक उघड्यावर.

या कामाचे मुख्य हत्यार म्हणजे पुलास्की. एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते, दुसऱ्या बाजूला आडवे, कुदळीसारखे, आणि दोन्हींना मिळून एकच दांडा. झाड तोडून झाले की हत्यार हातातल्या हातात फिरवायचे आणि त्याच दमात मूळ खणायचे. दोन हत्यारांचे ओझे एकावर येते आणि चढणीवर तेवढाच जीव वाचतो. शंभर वर्षांत त्याच्या आकारात फारसा फरक पडलेला नाही. आणि ज्या माणसाच्या नावाने ते ओळखले जाते, त्याची हकीकत वाचल्यावर या अनुदानांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

एड पुलास्की हे आयडाहो राज्यातल्या वॉलेस गावाजवळचे रेंजर. त्याआधी खाणीत आणि लोहारकामात हात काळे केलेले. 1910 च्या ऑगस्टमध्ये तिथे दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले आणि पंच्याऐंशीच्या आसपास माणसे मेली. वारा फिरला तेव्हा पुलास्की यांच्याबरोबर चाळीसहून अधिक माणसे होती. डोंगरातल्या जुन्या खाणी त्यांना पाठ होत्या. त्यांनी सगळ्यांना एका बोगद्यात नेले, तोंडाशी ओल्या घोंगड्या टांगल्या आणि घाबरून बाहेर धावू पाहणाऱ्यांवर पिस्तूल रोखले. धुराने सारेच बेशुद्ध पडले. पहाटे शुद्धीवर आलेल्यांपैकी एकाला वाटले, साहेब गेले. साहेब जिवंत होते. पाच जण गेले, बाकीचे वाचले.

पुलास्की यांचे डोळे आणि फुप्फुसे कायमची अधू झाली. सरकारकडून भरपाई मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न फळाला आले नाहीत. पुढे आपल्या भट्टीत त्यांनी हे दुधारी हत्यार घडवले आणि ते देशभर गेले, पण त्याचाही पैसा त्यांच्या हाती पडला नाही. मग 1923 मध्ये ‘अमेरिकन फॉरेस्ट्री’ या मासिकाने वनसेवेतल्या खऱ्या अनुभवांची स्पर्धा ठेवली. पुलास्की यांनी बोगद्यातल्या त्या रात्रीची हकीकत लिहून पाठवली. तिला 500 डॉलरचे बक्षीस मिळाले. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना पैसे हवे होते.

ही घटना मी पुन:पुन्हा वाचली. ज्या माणसाने चाळीस जीव वाचवले, त्याला त्या रात्रीबद्दल मोबदला मिळाला तो तिची गोष्ट सांगितल्याबद्दल. बोगद्यात त्या रात्री काय घडले, हे आज आपल्याला इतक्या जवळून कळते त्याला मोठे कारण तेच लिखाण आहे. आजची अनुदाने त्याच वाटेने आली आहेत, असे मी मानतो.

गोष्टीने वणवा विझतो का, असे कुणी विचारील. वणव्याच्या धंद्याचा सारा इतिहास सांगतो की गोष्टीने माणसे वाचतात. 5 ऑगस्ट 1949 ला माँटाना राज्यातल्या मान गल्च घळीत आग अंगावर आली तेव्हा पथकाचे नायक वॅग डॉज यांनी आपल्यापुढचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या राखेत पालथे पडून राहिले. मागून येणाऱ्यांना त्यांनी बोलावले, पण आगीतून सुटण्यासाठी आग लावणारा माणूस त्या तरुणांनी कधी पाहिला नव्हता. तेरा जण गेले. डॉज वाचले आणि चौकशीत त्यांनी आपण काय केले ते सांगितले. म्हणून ती युक्ती आज या धंद्यात सर्वांना माहीत आहे.

दुसरी घटना 6 जुलै 1994 ची, कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावरची. चौदा जण मेले. त्यांच्यातल्या काहींनी चढावर पळतानाही हत्यारे टाकली नव्हती. वाचलेल्या एका जवानाने नंतर सांगितले की आग पाठीवर असताना तो आपली यांत्रिक करवत जळणार नाही अशी जागा शोधत होता. हा तपशील उपग्रहाला दिसत नाही, हवामानाच्या तक्त्यात उमटत नाही. तो त्या माणसानेच सांगावा लागतो. त्याने सांगितला म्हणून पुढच्या पिढीला प्रशिक्षणात बजावता आले की पळायची वेळ आली तर हत्यार टाका, ओझे टाका आणि पळा.

या धंद्यातले नियमही असेच जमले आहेत. 1957 चे दहा ‘फायर ऑर्डर्स’ जीवघेण्या वणव्यांच्या अभ्यासातून निघाले. 1991 मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी पथकप्रमुखाने चार गोष्टींवर बोट ठेवले: पहारेकरी, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. 2002 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात ‘वाइल्डलँड फायर लेसन्स लर्न्ड सेंटर’ उभे राहिले. अपघातांतून आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांतून काय शिकायचे, ते गोळा करून सर्वांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम. पाळी संपल्यावर पथक गोल करून बसते आणि चार प्रश्न घेते. काय ठरले होते? प्रत्यक्षात काय झाले? तसे का झाले? पुढच्या वेळी काय करायचे? काजळीने माखलेले वीस चेहरे, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि सर्वांत नवख्या पोरालाही बोलायची मुभा.

डिजिटल गोष्ट ही त्याच बैठकीची पुढची पायरी. हा प्रकार 1990 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रुजला. डेना ॲचली आणि जो लँबर्ट ही त्यामागची ठळक नावे. पद्धत साधी आहे. काही जण गोल करून बसतात आणि प्रत्येक जण आपली गोष्ट तोंडी सांगतो. मग ती पानभर लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि जुने फोटो, थोडे चित्रीकरण जोडून दोन-चार मिनिटांची चित्रफीत करायची. ही मर्यादाच उपयोगी पडते. पानभरात सारा हंगाम बसत नाही, तेव्हा माणसाला ठरवावे लागते की आपल्या मनातून न जाणारा क्षण कोणता. ध्वनिमुद्रणात दम लागलेला कळतो, आवंढा गिळलेला कळतो. अहवालात हे सारे पुसले जाते.

अनुदानाचा पैसा लागतो तो इथेच. बरा माइक, संकलनाची सोय आणि मुख्य म्हणजे चार मोकळे दिवस. हंगाम संपल्यावर घरी आलेल्या माणसाला घरभाडे द्यायचे असते. गोष्ट सांगणे हे काम आहे आणि कामाचे पैसे देतात, एवढी साधी गोष्ट या अनुदानाने मान्य केली.

आता अडचणी. त्या मोठ्या आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

पहिली अडचण कायद्याची. 10 जुलै 2001 ला वॉशिंग्टन राज्यातल्या थर्टीमाइल वणव्यात चार जवान मेले. त्यांच्या मोहीमप्रमुखावर 2006 मध्ये सदोष मनुष्यवधाचा फौजदारी खटला भरला गेला. 2008 मध्ये तो खोटी विधाने केल्याच्या किरकोळ गुन्ह्यावर मिटला, पण तोवर साऱ्या धंद्यात एक भीती मुरली होती: मोकळेपणाने सांगितलेले उद्या कोर्टात माझ्याच विरुद्ध उभे राहील. तेव्हापासून दोष शोधण्याऐवजी शिकण्यावर भर देणाऱ्या चौकशीच्या पद्धती रुजू लागल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण कॅमेऱ्यात टिपलेली कबुली कायम राहते. आपण चुकलो, हे सांगणारी गोष्टच सर्वांत उपयोगी, आणि नेमकी तीच सांगायला माणूस बिचकतो. अनुदान कितीही दिले तरी ही भीती त्याने जाणार नाही. त्यासाठी सांगणाऱ्याला संरक्षण हवे.

दुसरी अडचण पगाराची आणि मानाची. केंद्र सरकारच्या सेवेतले हे जवान कित्येक दशके कागदोपत्री ‘फॉरेस्ट्री टेक्निशियन’ म्हणून नोंदले जात, म्हणजे जो आगीत उतरतो त्याच्या पदनावात आगच नाही. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने वर्षाला 20,000 डॉलर किंवा मूळ पगाराच्या निम्मे, यांपैकी कमी असेल तेवढी तात्पुरती वाढ दिली. ती वाढ संपते की टिकते या टांगणीवर घरे चालली, आणि कायमच्या वाढीसाठी 2025 चा मार्च उजाडला. ज्यांना पोटाचीच शाश्वती नव्हती, त्यांच्याकडून आपण आठवणींची अपेक्षा करत होतो.

तिसरी अडचण मनाची. 30 जून 2013 ला ॲरिझोनातल्या यार्नेल हिल वणव्यात ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या पथकाचे एकोणीस जण एकाच वेळी गेले. 30 जून ते 6 जुलै, म्हणजे यार्नेल ते स्टॉर्म किंग, हा सप्ताह तिथे स्मरणसप्ताह म्हणून पाळतात. मित्र गमावलेल्या माणसाला गोष्ट सांगितल्याने हलके वाटू शकते आणि जखम पुन्हा उघडूही शकते. कार्यशाळा संपल्यावर तो रात्री एकटा असतो, तेव्हा त्याच्याजवळ कोण आहे? चित्रफितीत ज्याचा फोटो आहे, त्या मृताच्या आईला आधी विचारले का? अनुदान देणाऱ्याने पैशांबरोबर या दोन प्रश्नांची जबाबदारीही उचलली पाहिजे.

आणि एक मोह टाळला पाहिजे. ज्वाळांच्या भिंतीपुढे उभा असलेला वीर सर्वांना आवडतो, देणगीदारांनाही. पण कंटाळा, घरच्यांचा दुरावा, न बोललेली शंका, थोडक्यात टळलेला अपघात या गोष्टीच पुढच्या जवानाच्या कामाला येतात. माझा निर्वाळा असा की ही अनुदाने वाढवावीत, त्यांना अटी कमीत कमी घालाव्यात आणि आपल्या चुकीची गोष्ट सांगणाऱ्याला सर्वांत आधी द्यावीत.

आपल्याकडे फेब्रुवारी लागला की सह्याद्रीत, मेळघाटात, ताडोब्याच्या जंगलात वणवे लागतात. हंगामी फायर वॉचर आणि वनमजूर ओल्या डहाळ्यांनी झोडपून आणि पाठीवरच्या ब्लोअरने पाला उडवून ते विझवतात. कुठल्या घळीत वारा कधी फिरतो, हे त्यांना ठाऊक आहे. वनखात्याने, विद्यापीठांनी आणि आपल्या दिवाळी अंकांनी येत्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकाला तरी समोर बसवून बोलते करावे, त्याचे बोलणे त्याच्याच आवाजात जपावे आणि त्या दिवसाचा त्याचा रोज बुडू देऊ नये.